अकराशे सत्तेचाळीस नंबरचा धावडा

झाडं जागची हलत नाहीत, म्हणून आम्हाला हिंडावं लागतं. सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत जंगलाचे काही तुकडे आम्ही मोजमापासाठी राखले आहेत आणि दर चैत्रात मी त्यांची फेरी करते. प्रत्येक झाडाला ॲल्युमिनियमचा एक गोल बिल्ला, त्यावर ठोकलेला नंबर. छातीच्या उंचीवर टेप गुंडाळायची, घेर लिहायचा आणि झाड वर्षभरात किती वाढलं ते काढायचं. ऐकणाऱ्याला जांभई येते हे मला ठाऊक आहे. माझ्या बहिणीला तर अजून वाटतं की मी कुठेतरी शिवणकाम शिकवते.

गेल्या वर्षीची फेरी मात्र नेहमीची नव्हती. हे तुकडे दोन प्राध्यापकांनी दोन जिल्ह्यांत एकमेकांना न विचारता सुरू केले होते आणि दोघांनीही नंबर एक हजारापासूनच टाकले होते. त्यामुळे आमच्याकडे प्रत्येक नंबरची झाडं दोन, एक साताऱ्याकडे आणि एक तासगावकडे. सगळं माझ्या गळ्यात पडल्यापासून इकडच्या धावड्याला तिकडच्या कडुलिंबाचा घेर चिकटू लागला. शेवटी मी वैतागून नियम केला की जुने बिल्ले सगळे काढायचे, नवे ठोकायचे, जुना एकही झाडावर ठेवायचा नाही. सगळ्यांना दटावून सांगितला होता तो नियम.

साताऱ्याहून पहाटे निघालो. बरोबर जगन्नाथतात्या होते. तात्या फौजेतून निवृत्त झालेले. ते आमची जीप चालवतात, टेपचं दुसरं टोक धरतात आणि माझ्या घाईला नावं ठेवतात. डोक्यावर अजून फौजेतली हिरवी टोपी असते. ती धुतात कधी, हे मी विचारायचं सोडून दिलं आहे.

तासगावला पोचलो तेव्हा बेदाण्याच्या शेडवर माणसं कामाला लागली होती. जाळीच्या थरांवर द्राक्षं पसरलेली, हवेत गोडसर आंबूस वास. आमचा तुकडा शेडच्या मागच्या माळावर आहे. तिथे दिवसभर पकडीने बिल्ले उपटले. काही बिल्ले सालीने अर्धे गिळले होते, ते ओढताना झाडातून कुरकुर आवाज येई आणि मला उगीचच दात काढणाऱ्या डॉक्टरची आठवण होई. शेडच्या मालकाने ओंजळभर बेदाणे दिले. संध्याकाळी काढलेल्या बिल्ल्यांची पिशवी मी जीपमध्ये तात्यांच्या शेजारी ठेवली.

थोडं अंतर गेल्यावर त्यांनी जीप थांबवली. पिशवी उचलली, पोत्यात गुंडाळली आणि मागे टाकली. मी कारण विचारलं.

"फौजेत परत्येकाला दोन बिल्ले असत्यात, मॅडम. मानूस पडला, की एक त्याच्याजवळ ऱ्हातो, दुसरा घरी येतो," तात्या म्हणाले. "पिशवीत वाजत्यात ते मला न्हाई ऐकवत."

रात्री तासगावातच मुक्काम केला.

दुसऱ्या दिवशी विट्यावरून औंधला आलो. यमाईच्या डोंगराकडे बघत एका खानावळीत भाकरी, खरडा (वाटलेल्या हिरव्या मिरच्या) आणि माडगं (हुलग्याच्या पिठाची पातळ पेज) असं जेवलो. वाढणाऱ्या बाईंनी कुठे निघालात म्हणून विचारलं. मी पलीकडच्या उघड्या डोंगराचं नाव घेतलं, तर त्यांचा हात थांबला. तिथे एक झाड उन्हाळ्यातही हिरवं असतं, असं त्या म्हणाल्या. डोंगरावर पाण्याचा थेंब नाही. दुपारच्या वेळी तिकडे गुरंही कुणी नेत नाही. मी हसले. तात्या हसले नाहीत.

पायथ्याशी जीप लावली आणि वर पाहिलं, तेव्हा माझंही हसू गेलं. तो सगळा डोंगर धावड्यांचा. चैत्रात धावड्याला पान नसतं, नुसती पांढुरकी खोडं उभी असतात. त्या पांढऱ्या रानात मधोमध एकच झाड पानांनी गच्च भरलेलं होतं.

चढायला लागलो. भर दुपार, पाखराचा आवाज नाही. फक्त वाऱ्याने बिल्ले खिळ्यांवर आपटत होते, टिक टिक टिक, डाव्या हाताला, उजव्या हाताला, पाठीमागे. वर्षानुवर्षं ऐकलेला आवाज आहे तो. त्या दिवशी मात्र आपण कुणाच्या तरी दारावरून जातो आहोत आणि आतून कुणी बोटाने वाजवतं आहे असं वाटत राहिलं.

हिरव्या झाडाजवळ आवाज नव्हता. त्याचा बिल्ला लाल दोऱ्याने खोडाशी बांधला होता. बाकीचे बिल्ले मळून काळे पडलेले, हा राखेने घासल्यासारखा लखलखीत. नंबर अकराशे सत्तेचाळीस. वाढ बघायला आम्ही काही झाडांना स्प्रिंग लावलेली स्टीलची पट्टी बांधतो. इथली पट्टी इतकी ताणली गेली होती की तिच्यावरच्या खुणा संपल्या होत्या. पावसाळ्यातसुद्धा धावडा असा फुगत नाही. खाली पाहिलं तर बुंध्याभोवतीची माती ओली होती. खोटं कशाला सांगू, मला भीती वाटली. पकड हातात असून मी बिल्ल्याला हात लावला नाही.

तेवढ्यात खालून बाईचा आवाज आला. ती कुणाशी तरी बोलत वर येत होती, पण दुसरा आवाज येत नव्हता. तात्यांनी मला हाताला धरून खडकाआड ओढलं.

एक म्हातारी वर आली. डोक्यावर कळशी, पायांत काही नाही. कळशी उतरवून तिने पाणी धार धरून बुंध्याशी ओतलं, पदराने बिल्ला पुसला आणि बोलत राहिली. गाय व्यायली. तुझ्या वडलांचा गुडघा पुन्हा धरला. आंब्याला मोहर कमी आला. एखादं वाक्य झालं की थांबे, मान हलवे, मग पुढचं सांगे. झाडाची पानं हलत होती. मी शास्त्राची माणूस आहे, वारा होता हे मला कळत होतं. तरीही ती थांबली की मीही कान देत होते.

मग तिने आम्हाला पाहिलं. आधी तात्यांची टोपी, नंतर माझ्या हातातली पकड. ती घाबरली नाही. झाडापुढे येऊन उभी राहिली आणि तात्यांना विचारलं, "त्याची बदली झाली व्हय?"

तात्यांचा हात टोपीकडे गेला. मी पकड पाठीमागे घेतली.

तिच्या मागून धापा टाकत, काठी टेकत तिचा नवरा आला. त्यांना गावात आप्पा म्हणतात, तेही फौजेतलेच, जुने हवालदार. त्यांनी मला बाजूला नेलं आणि हळू आवाजात सगळं सांगितलं. मुलगा संतोष बर्फातल्या चौकीवर होता. कडा कोसळला, तो सापडला नाही. देह आला नाही, बिल्लाही आला नाही. तो येईल म्हणून त्याच्या आईने, हौसाबाईंनी, कुंकू लावलेला पाट कित्येक महिने दारात मांडून ठेवला होता. मग आधीच्या पावसाळ्यात एकदा शेरडं राखताना आप्पांना या झाडावर बिल्ला दिसला. मुलाच्या फौजेतल्या नंबराचे शेवटचे आकडे हेच होते.

"तुमचा बिल्ला हाय, कळतंय मला," ते म्हणाले. "पर तिला म्या सांगितलं, पलटणीनं खूण लावलीया. त्या दिशी ती जेवली. आता काढू नका, ताई."

बिल्ला ठेवायचा, तर माझाच नियम मोडत होता आणि पुढच्या वर्षी मोजणारा पुन्हा घोळ घालणार होता. शिवाय पाणी घातलेल्या झाडाच्या आकड्यांना आमच्या कामात काही अर्थ नसतो. काढायचा, तर या बाईच्या देखत तिच्या मुलाची खूण पकडीने उपटायची. मी हौसाबाईंकडे पाहिलं. रोज एवढा डोंगर चढून तिची पावलं फाटली होती. ती अजून उत्तराची वाट बघत होती.

मी जीपकडे खाली उतरले, जवळजवळ पळतच. पोतं सोडलं, पिशवी दगडावर उपडी केली आणि तासगावच्या बिल्ल्यांमधून कडुलिंबाचा अकराशे सत्तेचाळीस शोधून काढला. वर येऊन तो तात्यांच्या हातात दिला. तात्यांनी नंबर वाचला आणि माझ्याकडे पाहिलं. मग टोपी नीट केली, हौसाबाईंसमोर ताठ उभे राहिले आणि बिल्ला दोन्ही हातांनी पुढे धरला.

"आई, बिल्ले दोन असत्यात. एक त्याच्याजवळ ऱ्हातो. ह्यो घरचा."

तिला वाचता येत नव्हतं. तिने तो बिल्ला झाडावरच्या बिल्ल्याशेजारी धरला आणि दोन्हींवरून बोट फिरवलं, आकड्यामागून आकडा. आप्पांनी तोंड फिरवलं. शेवटी तिने बिल्ला पदराच्या गाठीत बांधला, झाडाला म्हणाली, "चल मग," आणि उतरायला लागली. कळशी तिथेच राहिली. आप्पांनी ती उचलली आणि तिच्या मागे गेले.

आम्ही बाकीच्या झाडांचे बिल्ले बदलले. त्या एका झाडाला नवा ठोकला नाही.

रहिमतपूरवरून परतताना तात्या एकदाच बोलले. आपण खोटं बोललो का, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, हो.

यंदा पुन्हा गेलो. पायथ्याशी उभं राहून बराच वेळ शोधलं, पण हिरवं झाड दिसेना. सगळा डोंगर एकसारखा पांढरा. चढून गेल्यावर जुन्या बिल्ल्यावरून ते झाड ओळखलं. त्याची पानं गळलेली, दोरा विटलेला, बुंध्याशी माती भेगाळलेली. पट्टी बाकीच्या धावड्यांच्या पट्ट्यांसारखीच निवांत. आकडे सुधारले म्हणून मला बरं वाटायला हवं होतं. मला रडू आलं.

उतरताना हौसाबाईंच्या घरी थांबलो. बिल्ला चौकटीला टांगला होता, लखलखीत. तिने आम्हाला माडगं दिलं. पाट मात्र तिने चार मांडले होते. आम्ही दोघं, आप्पा आणि दाराकडे तोंड केलेला एक रिकामा. आता डोंगरावर जात नाही का, असं मी विचारलं.

"वर कशाला जाऊ," ती म्हणाली. "आला न्हवं तो."

बाहेर वारा सुटला असावा. चौकटीवर बिल्ला वाजला, टिक टिक. तिने मान वळवून त्या रिकाम्या पाटासमोर वाडगा ठेवला आणि त्यात माडगं वाढलं.