साडेपाचच्या भोंग्याला मामा

“मामा, जागा सोडू नको! कायबी होऊ दे, जागा सोडू नको!”

मी ओरडत होतो. ओरडत होतो म्हणजे किती, तर मैदानापलीकडच्या लिंबावरचे कावळे दोनदा उडून दोनदा परत बसले होते आणि तिसऱ्यांदा उडायचा त्यांना कंटाळा आला होता. मैदानाच्या मधल्या रेघेपाशी कापसाची एक जुनी गाठ पडलेली असायची, तिच्यावर मी बसलेलो. गुडघ्यांत रंगखात्यातलं रिकामं पत्र्याचं पिंप आवळून धरलेलं, दोन्ही हातांत मागावरच्या मोडक्या धोट्यांचे तुकडे, आणि नजर मिलच्या घड्याळावर. पाच वाजून बावीस मिनिटं झाली होती. आम्ही एका गोलनं पुढं होतो. आठ मिनिटांनी दिवसपाळी सुटायचा भोंगा होणार होता, आणि भोंगा झाला की आमचा गोलकीपर मामा गोल उघडा टाकून घरी निघतो, हे उभ्या सोलापुराला ठाऊक होतं.

हसू नका. मागल्या वर्षी तसंच झालं होतं. हेच मैदान, हाच शेवटचा सामना, समोर स्टेशनपलीकडचा हाच संघ. दोन्हीकडं गोल नाही, आणि भोंगा झाला. आमचे अकराच्या अकरा साचेखात्यातले, म्हणजे मिलच्या मागांवरचे. सामन्यापुरती अर्ध्या दिवसाची सुटी घेतलेली, पण सुटी माणसाला असते, अंगाला नसते. सेंटर हाफनं साचा बंद करावा तसा चेंडू पायाखालून सोडून दिला. बॅकनं कमरेवरचा घाम पुसला. बाहेर तशीच सुटी घेऊन बघायला बसलेले मिलचे चार-पाचशे लोक डबे उचलून उभे राहिले. आणि गोलमधला मामा पँटला हात पुसून, भिंतीकडेला ठेवलेल्या आपल्या चपलांकडं चालू लागला. स्टेशनवाल्यांना भोंगा म्हणजे शेजारच्या घरचं जेवणाचं बोलावणं. त्यांच्या फॉरवर्डनं चेंडू हळूच ढकलला. बाई नळाखाली घागर सरकवते, तितका हळू. तो गोलमध्ये शिरला तेव्हा मामाची एक चप्पल पायात होती.

डबा उचलून पहिला कोण उठला, याची नंतर बरीच चौकशी झाली. मीही हिरिरीनं केली. कुणी सापडलं नाही.

आमच्याकडं संघाचं छापील नाव चषकाच्या वहीपुरतं असायचं. खरं नाव समोरचे ठेवत. कॉलेजच्या पोरांचा संघ कडक घडीच्या चड्ड्या घालून यायचा, तो झाला ‘इस्त्री’. स्टेशनवाल्यांचा एकच गडी धूर काढत पुढं पळायचा आणि बाकी दहा त्याच्या मागं खडखडत जायचे, म्हणून आम्ही त्यांना ‘मालगाडी’ केलं. ते नाव माझंच. त्याचा सूड त्यांनी त्या दिवशी घेतला. चषक घेऊन जाताना स्टेशनपर्यंत ओरडत गेले:

“भोंगा झाला, डबा उचला! मामा चला, घरी चला!”

आठ दिवसांत ते गावभर झालं. मंडईत भाजीवाल्या गिऱ्हाइकाला वाटेला लावताना म्हणायच्या. टांगेवाला घोड्याला म्हणायचा. मामाच्या बायकोला ते नळावर ऐकायला मिळालं, आणि ती भरली घागर तिथंच ओतून रिकामी घेऊन घरी आली. आमच्या संघाला कोणी नावानं विचारीना. “काय, भोंगेवाले, सराव चाललाय का सुट्टी झाली?” एवढंच.

मामाचं वय चाळिशीला टेकलेलं. वीस वर्षं साच्यावर आणि पंधरा वर्षं गोलमध्ये. सोलापूरच्या उन्हात अंगात पिवळा लोकरी स्वेटर, कारण गोलकीपरनं स्वेटर घालायचा असतो असं त्याला कुणीतरी सांगितलं होतं. त्या स्वेटरखेरीज त्याला दुसरं काही मोठेपण नव्हतं, आणि हवंही नव्हतं.

यंदा शेवटच्या सामन्यात पुन्हा मालगाडीच समोर आली. आदल्या दिवशी कप्तान मामाकडं गेला. कप्तान आमच्याच खात्यात जॉबर, म्हणजे मुकादम होता. साचेखात्यात हजार धोट्यांच्या खडखडाटात तोंडानं बोलून उपयोग नसतो. चहा आला, धोट्यातली सुताची कांडी संपली, साहेब येतोय, सगळं हातानं आणि ओठांनी चालतं. त्याच सवयीनं कप्तान मामाच्या तोंडासमोर तोंड नेऊन, हात नाचवत म्हणाला,

“मामा, उद्या जागा सोडलास तर स्वेटर माझ्या हातात द्यायचा. कायमचा.”

मामा त्याच्या ओठांकडं बघत राहिला. मग स्वेटरची बाही खाली ओढली आणि म्हणाला, “बरं.”

मला ते बघवेना. का बघवेना, हे आत्ता विचारू नका. मी कप्तानाला म्हटलं, “भोंगा मामाच्या कानात जाऊच द्यायचा न्हाई. आमी इतकं ओरडू, की भोंग्यालाच वाटंल आपन वाजलोच न्हाई.”

“तुझा आवाज भोंग्याला पुरंल का बे?”

“भोंगाच माज्याकडं शिकाया येतोय की!”

ही बढाई नव्हती. मैंदर्गीच्या बाजारात मी एकदा मेव्हण्याला हाक मारली, तर तीन बैलं दावं तोडून गेली. हे मीच सांगतोय, तेव्हा खरंच असणार. मी पन्नास गळे जमवले, दोन हलग्या, चार पिंप, आणि रात्रपाळीच्या एका तेलुगू अण्णाकडून आरोळी बसवून घेतली. अण्णाला मराठी अर्धीमुर्धीच यायची, पण ठेका पक्का होता:

“वाजू दे रे वाजू दे, भोंगा कितीबी वाजू दे! मामा आमचं भिताड हाय, मालगाडी डोकं आपटू दे!”

आणि सगळ्यांना दम दिला, की भोंग्याला जो उठेल त्याचा डबा मी खाईन.

आता पाच पंचवीस झाले. आणि मालगाडीनं एक भलतीच गोष्ट केली. ती थांबली. चेंडू त्यांच्याकडं, आमचा गोल वीस पावलांवर, आणि ते पुढं येईनात. याच्याकडून त्याच्याकडं, त्याच्याकडून याच्याकडं. आमची पोरं चेंडूच्या मागं धावून दमली. त्यांचा तो धूर काढणारा फॉरवर्ड तर चेंडूकडं बघतच नव्हता. तो माझ्यासारखा मिलच्या घड्याळाकडं बघत होता.

“वाट बघतेत भडवे,” माझ्या शेजारचा हलगीवाला म्हणाला. “भोंग्याची वाट बघतेत.”

सत्तावीस. त्यांच्या बाजूची माणसं हळू आवाजात, टाळीवर, मोजल्यासारखी म्हणू लागली: “डबा उचला… डबा उचला…” मामा गोलच्या मधोमध दोन पाय फाकून उभा होता. स्वेटर घामानं काळा पडलेला. त्याची मान मात्र एका जागी नव्हती. चेंडूकडं, मग आमच्याकडं, परत चेंडूकडं, परत आमच्याकडं. मला वाटलं, बिचारा धीर मागतोय. मी आणखी ओरडलो. घशात काहीतरी चर्र फाटलं.

एकोणतीस. हलगी तापली. पन्नास गळे एकदम लागले, मागचे चारशे त्यात मिसळले. मैदानावरची काळी धूळ तेवढ्यानंच उठली असं मी आजवर सांगत आलोय, वारा होता हे सांगत नाही.

आणि भोंगा झाला.

दहा वर्षं, रोज, त्या आवाजाला मी उठलोय. डोकं म्हणत होतं बस, आणि गुडघे आपसूक उचलले गेले. पण गुडघ्यांत पिंप होतं. ते वाकडं झालं, मांडीला पत्रा लागून रक्त आलं, आणि मी होतो तसा गाठीवर दणकन परत बसलो. शेजारचा हलगीवाला अर्धा उठलेला, त्याला लेंगा धरून खाली ओढला. मागं वळून बघितलं नाही. उठले असतील तर उठू देत, बघायचं नाही. बडवत राहिलो.

फॉरवर्ड सुटला. आमचा बॅक यंदाही क्षणभर थिजलाच. चेंडू त्याच्या बगलेतून गेला. आता मामा आणि फॉरवर्ड, मध्ये कोणी नाही. मामानं एकदा आमच्याकडं बघितलं. नीट, पुरतं बघितलं. मग तो पुढं झाला, दोन ढांगा, आणि फॉरवर्डनं मारलेला चेंडू त्याच्या जबड्यावर असा बसला की तो आवाज भोंग्यातूनही ऐकू आला. चेंडू बाहेर गेला. मामा पडला, उठला, दात थुंकला, आणि परत पाय फाकून जागेवर उभा राहिला.

पुढची सहा मिनिटं काय झालं मला आठवत नाही. सामना संपला आणि आम्ही जिंकलो, एवढं कळलं. चषक मिरवताना आमचीच माणसं “भोंगा! भोंगा!” ओरडत चालली होती. कप्तानानं एकाला विचारलं, “का बे, शिवी हाय की ती.” तो म्हणाला, “आता आपली हाय.” पुढं कितीतरी वर्षं आम्ही मैदानात उतरलो की लोक तसंच ओरडायचे, आणि वहीतलं छापील नाव आम्हालाही आठवायला वेळ लागायचा.

मी मात्र त्या मिरवणुकीत नव्हतो. मला माझी शाबासकी हवी होती. मामा भिंतीकडेला चपलांपाशी बसून जबड्याला ओलं फडकं लावत होता. मी त्याच्यासमोर उकिडवा बसलो. आवाज पार गेलेला, नुसते ओठ हलत होते.

“मामा, आज भोंगा ऐकू आला का रं?”

मामानं माझ्या ओठांकडं बघितलं. फडकं उलटं केलं.

“मला कुटं ऐकू येतंय. साच्यावर वीस वर्सं झाली. मागल्या साली तू डबा घेऊन उठलास, मला वाटलं सुटली पाळी. आज तू उठला न्हाईस.”