सिंधी टाक्याची उलट बाजू

ह्यांना पिंपरीच्या नव्या कारखान्यात नोकरी लागली आणि लग्नाला वर्ष व्हायच्या आत मी चिंचवडला बिऱ्हाड मांडलं. दोघांचा स्वयंपाक तो कितीसा! दुपार खायला उठे. म्हणून शेजारच्या काकूंच्या ओट्यावर भरतकामाला जमणाऱ्या बायकांत मी जाऊन बसू लागले. माझा हात बेतास बात, पण नसत्या चौकशांत मी कुणाला हार गेले नाही.

काकूंचा हात मात्र सफाईचा. त्यांच्या रुमालाची उलट बाजू सुलट बाजूइतकी स्वच्छ असे, आणि आल्यागेल्याला त्या तीच आधी दाखवत. मुलगी बघायला आलेल्या बायकासुद्धा टेबलक्लॉथ उलटा करूनच तिची पारख करत. नवा टाका शिकायचा तरी आम्ही कापड उलटं करत असू. दोरा कुठून आत शिरला, कुठून बाहेर आला, हे कळलं की टाका आलाच.

रेशमाच्या लड्या विकायला पिंपरीच्या कॅम्पातून एक भाभी येई. फाळणीत सिंधमधून आलेली, हिंदी-मराठीची मजेदार खिचडी बोलणारी. तिच्या मुलीचं लग्न ठरलं तेव्हा तिनं पिशवीतून एक जुनं फडकं काढून काकूंपुढे पसरलं. चोळीचा पुढचा भाग होता. तिच्या आईनं नातीच्या लग्नासाठी भरायला घेतलेला. घर सोडावं लागलं तेव्हा काम अर्धं झालं होतं, आणि इकडे आल्यावर पहिल्याच हिवाळ्यात आई गेली. अर्ध्या भागात चौफुल्या एकमेकींत गुंतून उठून दिसत होत्या. उरलेल्या अर्ध्यात नुसत्या तिरप्या टाक्यांच्या जाळ्या.

"लग्नात मुलगी हीच घालणार," भाभी म्हणाली. "ये पूरा करना है. कसं करतात, सांगा."

आम्ही एकमेकींकडे पाहिलं. सिंधी टाका सिंध्यांना ठाऊक नाही, म्हणजे काय!

"मला नाही येत," ती म्हणाली. "मां करती थी, मैं खेलती थी."

फडकं काकूंकडे ठेवून ती गेल्यावर ओट्यावर कुजबूज झाली. "येतो तिला. आपल्याला शिकवायचा नाही, म्हणून सोंग." मला ते पटेना. शिकवायचं नसतं तर फडकं आणलं असतं कशाला?

काकूंनी फडकं उलटं केलं आणि पहिल्यांदाच त्यांचं घोडं अडलं. मागे नुसत्या बारीक रेघा. पुढे एवढा गुंता, त्याचा मागे पत्ता नाही! दोरा गेला कुठे? मला जेवण सुचेना. पोळी लाटताना मी पोळपाटावर बोटानं फुल्या काढत होते. हे म्हणाले, "आज पोळीवरही भरतकाम का?"

आमची घरमालकीण जुन्या गावकीतली. सकाळी अंगणात ती बाज विणत होती. मी उगाच विचारलं, "हे कुठं कशात अडकवता हो?"

"अडकवायचं कशाला? एक वरून, एक खालून. सुंभ काय भुईत जातंय व्हय?"

मी हातातली बादली तिथेच ठेवली आणि काकूंकडे धावले. दोरा कापडाच्या मागे जातच नव्हता. आधी जाळी घालायची, मग दुसरा दोरा कापडाला न टोचता त्या जाळीत बाजेसारखा विणायचा. काखेत कळसा आणि गावाला वळसा! उत्तर त्या अर्ध्या राहिलेल्या भागात उघडं पडलं होतं आणि आम्ही मागे शोधत होतो. सुईचं टोक कापडात घुसू लागलं तेव्हा काकूंनी सुई उलटी धरून नेढं पुढे सारलं. तिसऱ्या प्रयत्नाला फुली गुंफली गेली. आम्ही दोघी पोरींसारख्या हसत सुटलो.

भाभी आली तेव्हा काकूंनी तिला समजावलं, "जाळी सगळी तुमच्या आईनंच घालून ठेवलीय. फक्त विणायचं राहिलंय." भाभी जाळीवरून बोट फिरवत राहिली. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं, आणि मलाही रडू आवरलं नाही.

पण तिच्या हाताला वळण नव्हतं. दोरा कुठे ढिला, कुठे आवळलेला. लग्न तोंडावर आलं, तेव्हा काकूंनी फडकं ठेवून घेतलं आणि एक अख्खी ओळ विणून दिली. आईची ओळ कुठली, काकूंची कुठली, सांगता येऊ नये अशी.

भाभीनं ती उजेडात धरून पाहिली. खूप वेळ पाहिली. "बहुत सुंदर," ती म्हणाली, आणि मग अगदी हळू, "पर खोल दो, काकू. आधा मां ने मेरे लिए छोडा है."

मला संताप आला. काकूंची दोन दुपारींची मेहनत! काकूंनी चष्मा लावला आणि स्वतःच्या हातानं एकेक फुली उसवून काढली.

लग्नाला आम्ही दोघी कॅम्पात गेलो. मुलीच्या चोळीवर अर्ध्या फुल्या रेखीव आणि अर्ध्या वाकड्यातिकड्या, लांबूनही दिसत होत्या. वरपक्षाच्या बायका काही विचारायच्या आतच भाभी लेकीच्या छातीवर बोट ठेवून प्रत्येकीला सांगत होती, "इथपर्यंत माझ्या आईचं. आणि हे वाकडं सगळं माझं."