सानवीचा तिसरा ताप

गुणाजी तांडेल म्हणजे मांडवीत चाळीस वर्षं होडीवर हुकूम सोडलेला माणूस. महिन्यापूर्वी हाच माणूस परसात उकिडवा बसून, हातात इवलीशी डबी धरून, चार वर्षांच्या नातीची मनधरणी करत होता.

"सानू, थोडीशी कर गो. एवढीशीच."

मी शेजारच्या परसातून, मधल्या दगडी गडग्यावरून म्हटलं, "भाऊजी, जाळं लावून बघा."

एरवी चार शिव्या मिळाल्या असत्या. त्यांनी मान वर केली नाही, तेव्हा माझं हसू गेलं.

सानवी त्यांच्या सुजयची मुलगी. सुजय आणि सून मनिषा दोघंही मुंबईत नोकरीला. बायको गेल्यावर भाऊजींना घर खायला उठायचं. दोन वर्षांपूर्वी ही पोर आली आणि तांडेल वेणी घालायला शिकले. वाकडी घालतात, ते सोडा.

तर सानवीला दोन दिवस ताप होता. सर्दी नाही, खोकला नाही, पण शू करताना रडायची. आमच्याकडे म्हणतात उन्हाळी लागली. सब्जाचं पाणी, कोकम, वर मीठ-मिरच्यांनी दृष्ट, की विषय संपला. याआधी दोनदा हाच सल्ला मी दिला होता, आता लपवून काय करू.

या वेळी ताप उतरेना, म्हणून भाऊजी तिला डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेले. त्यांनी लघवी आणायला सांगितली. भाऊजींनी सकाळी लोणच्याच्या बरणीत धरली आणि दुपारी नेली. "बरणी उकळून घेतलेली," हा वर रुबाब. बाईंनी ती ओतून टाकायला लावली. अशा नमुन्यात बाहेरचेच जंतू वाढतात, पोरीचा आजार कळणार कसा? मग निर्जंतुक डबी दिली. आधी धुवायचं, सुरुवातीची धार सोडायची, मधली धरायची, लगेच आणायची. परसातला तमाशा त्याचाच.

डबी भरली, रिक्षात मीही चढले. चौकशीला म्हणा.

बाईंनी विचारलं, "आजोबा, असा ताप आधी आला होता?"

भाऊजी डबीचं झाकण पुन्हा घट्ट करू लागले. मला कारण ठाऊक होतं. मे महिन्यात मनिषा बजावून गेली होती, "पोर आजारी पडायला लागली तर मी तिला घेऊन जाईन." म्हणून आधीचे दोन्ही ताप मुंबईला कळवलेच नव्हते.

"पहिलाच," ते म्हणाले. माझी जीभ कधी नव्हे ती आत राहिली.

"नक्की ना? पुन्हा पुन्हा होत असेल तर मूत्रपिंडाला धोका असतो. तपासणी वाढवावी लागते."

त्यांनी मांडीवरच्या पोरीकडे पाहिलं. "तिसरा," म्हणाले. "दोन मी लपवले."

दोन दिवसांनी अहवाल आला, जंतुसंसर्गच होता. सोनोग्राफीत एक मूत्रपिंड थोडं सुजलेलं दिसलं. औषधाने ताप उतरला, पुढच्या तपासणीसाठी मनिषा येऊन तिला मुंबईला घेऊन गेली. काळजीचं फारसं नाही म्हणे, पण औषध काही महिने. आणि बालवाडीत नाव तिथेच घातलं.

परवा मी चहा घेऊन गेले. राहवलं नाही, विचारलं, "पहिलाच म्हणून रेटलं असतंत तर?"

"तर इथं असती," ते म्हणाले. "आतून खराब होत."

चहा निवला तरी त्यांनी कप उचलला नाही. मग विचारलं, "वैनी, वाजले किती?"

"साडेबारा."

"सुटली असेल आता," म्हणाले, आणि पायरीवर जरा सरकून बसले, शेजारी कुणाला तरी जागा करून दिल्यासारखे.