जळक्या रणगाड्याचा फोटो
जुन्या मासिकांच्या गठ्ठ्यातून कुबट वास आला की मला जालन्यातली एक दुपार आठवते आणि तोंड कडू होतं. निजामाविरुद्धची पोलीस ॲक्शन होऊन चार-पाच वर्षं झाली होती. माझा मेव्हणा सागवानाचे हातभर लांबीचे हुबेहूब रणगाडे करायचा. त्या साली त्याला राजूरच्या गणपतीपुढच्या आराशीत जळलेला रणगाडा मांडायचा होता, पण तसा त्याने कधी पाहिला नव्हता. ओळखीच्या एका मारवाडी शेठच्या कापडदुकानात महायुद्धाच्या काळातली इंग्रजी मासिकं रद्दीत आल्याचं कळलं, म्हणून आम्ही दोघं तिथे गेलो. पानं उलटता उलटता मेव्हणा ओरडला, "दाजी, सापडला! बराबर असाच पाह्यजे." फोटोत रणगाड्याचा पट्टा तुटून लोंबत होता, आणि वरच्या झाकणातून अर्धा बाहेर आलेला एक माणूस तसाच जळून कोळसा झाला होता. दात तेवढे पांढरे दिसत होते. "अरे, मानूस हाये तो," मी म्हणालो. "मानसाकडं कशाला पाहून राह्यले? पट्टा पाहा की," असं म्हणत त्याने त्या चेहऱ्यावर अंगठा दाबून धरला आणि दुसऱ्या हाताने चित्र उतरवू लागला. शेठनेही तोंड फिरवलं. मी बाहेर जाऊन गटारीपाशी ओकलो. थोड्या वेळाने मेव्हणा खुशीत आला आणि तो चेहरा दाबून धरलेल्या त्याच हाताने त्याने चहाची कपबशी माझ्यापुढे केली. मी घेतली नाही. ती आरास पाहायला गावोगावचे लोक आले, मी गेलो नाही. मेव्हणा वारून आता बरीच वर्षं झाली, पण अजूनही कुणी त्याच्या कलेची तारीफ करू लागलं की मी काहीतरी निमित्त काढून उठतो.