सात दगडांवरची गळती

तुमच्या बाबांच्या टेबलावर एक काळा, बाटलीच्या झाकणाएवढा तुकडा असतो. तो कशाचा, असं तुम्ही तुमच्या या आजीला फोनवर विचारलंत. बाबांनी 'हवा सोडायचा व्हॉल्व्ह' एवढंच सांगितलं असणार, आणि ते चूक नाही. पण तो ज्या दुपारी सुचला त्या दुपारी मी तिथे होते, आणि ती हकिकत फोनवर सांगण्यासारखी नाही. म्हणून क्रमाने लिहून ठेवते.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला तुमच्या आजोबांनी महाडच्या औद्योगिक वसाहतीत पत्र्याची एक शेड घेतली आणि एका जुन्या मशीनवर काळे पाइप काढायला सुरुवात केली. प्लास्टिकचा दाणा एका टोकाने आत जाई, दुसऱ्या टोकाने पाइप बाहेर येई आणि लांब हौदातल्या पाण्यातून थंड होत पुढे सरके. त्या हौदाला पाणी फार लागे. आजोबांनी तेच पाणी पुन्हा फिरवायची सोय केली, आणि शेडच्या पन्हाळीचं पाणी जमिनीखालच्या टाकीत सोडलं. कोकणात एवढा पाऊस पडतो, त्यात पाणी साठवतो कोण, म्हणून शेजारचे कारखानदार हसले. मे महिन्यात त्यांचे टँकर सुरू झाले, आमचा हौद भरलेला होता.

मी इंग्रजी शाळेत आणि कॉलेजात शिकलेली, म्हणून पत्रव्यवहार माझ्याकडे आला. हळूहळू तपासणीची वहीही आली. पाइपाचं प्रत्येक बंडल पाण्याने भरून दाबाखाली ठेवायचं, कुठे थेंबही दिसला नाही तर वहीत 'ठीक' लिहून सही करायची. ती सही माझी असे. मला या कामाचा अभिमान होता, आणि पुढे जे झालं त्यात या अभिमानाचा हात आहे.

पहिली काही वर्षं पाइप शेतकऱ्यांना विकले. मग आजोबांच्या डोक्यात वाड्या आल्या. पोलादपूरच्या वरच्या अंगाला डोंगरांच्या माथ्यावर दहा-पंधरा घरांच्या वाड्या आहेत. गुरं, थोडी नाचणी, बाकी घरातला कर्ता मुंबईत. झरा असतो, पण दरीपलीकडच्या उतारावर. आजोबा म्हणत, "झरा वाडीपेक्षा उंच असेल तर वीज नको, पंप नको. पाणी आपल्या पायाने येईल." अशी पहिली लाइन ज्या वाडीला टाकली, तिचीच ही गोष्ट.

त्या वाडीतून झऱ्याकडे जायची वाट आधी एका खिंडीत चढे, मग पलीकडे निसरड्या कातळावरून खाली ओहळात उतरे आणि पुन्हा चढून, खिंडीहूनही उंचावरच्या झऱ्याला लागे. आमचा पाइपही त्याच वाटेने आणला. झऱ्यापासून खाली ओहळात, तिथून वर खिंडीत, खिंडीतून खाली वाडीच्या नळाला. खिंडीत शेंदूर लावलेले सात दगड होते, साती आसरा, म्हणजे पाण्याच्या देवी. झऱ्यावरून परतणारी बाई त्यांच्यावर हंड्यातलं ओंजळभर पाणी घातल्याशिवाय पुढे जात नसे. आणि बारा वाजता, उन्हाच्या ऐन कडाक्यात, त्या वाटेला कोणी जात नसे.

ज्या घरासमोर नळ बसवला त्या घरात एक सासू आणि तिची सून अशा दोघीच होत्या. मुलगा मुंबईत हॉटेलात कामाला. ही सून त्याची दुसरी बायको. पहिली तीन वर्षांपूर्वी भरला हंडा घेऊन कातळावरून घसरली होती. तिला उचलून खिंडीपर्यंत आणली, दगडांपाशी टेकवून बसवली, आणि ती तिथेच गेली. दुसरीला त्या फाल्गुनात सातवा लागला होता. नळाला पहिलं पाणी आलं तेव्हा सासू आजोबांना म्हणाली, "सायेब, एक सून त्या वाटेला दिली. दुसरी नाय द्यायची मला. एवढं पानी चालू ठेवा, बस." आजोबांनी शब्द दिला.

महिन्याभराने मी लाइन बघायला गेले, दोन कामगार बरोबर घेऊन. झऱ्यापासून सुरुवात करून प्रत्येक जोड हाताने चाचपत आलो. सगळं कोरडं. खिंडीत मात्र ते सात दगड ओले होते. वरून जाणाऱ्या पाइपाला सुईच्या अग्राएवढं भोक होतं आणि त्यातून थेंब थेंब पाणी बरोबर मधल्या दगडावर पडत होतं. मधूनच थेंब थांबे, भोक बारीक फुसफुसे, आणि पुन्हा थेंब लागे.

मला राग आला. वाडीतल्या कोणीतरी देवासाठी पाइपाला तापली सुई लावली, असं मी धरून चालले. कामगारांना म्हटलं, बंद करा हे.

सासू आमच्या मागोमाग आली होती. ती पुढे झाली. "अवो बाई, असू दे तो. आईचा हाय."

"पाइपाला भोकं पाडायची नसतात, आजी. पाणी वाया जातं."

"आमी पाडलं?" ती हसली, कामगारांकडे बघून. "आयका रे! बाई म्हनतात आमी पाडलं."

एक कामगार हळूच म्हणाला, "बाई, राहू दे ना. थेंबानं काय जातंय?"

"गळती म्हणजे गळती," मी म्हटलं. त्यांनी स्टोव्ह पेटवला, लोखंडी पट्टी तापवली, ठिगळ वितळवून बसवलं. मी अंगठा फिरवून पाहिला. दगड उन्हात डोळ्यांदेखत वाळले. खाली उतरताना सासू दोनदा थांबून मागे बघत राहिली.

दहा-बारा दिवसांनी वाडीतला एक माणूस कारखान्यात आला. घाम पुसत म्हणाला, "पानी बंद झालंय. आधी दुपारचं थांबायचं, ऊन कललं का पुन्ना यायचं. आता चार दिस थेंब नाय. आनि सायेब..." तो अडखळला. "नळ बोलतो."

मशीनवरचा माणूस मोठ्याने हसला. "इंग्रजी बोलत असंल तर बाईंना पाठवा."

सगळे हसले, मीही. तो माणूस हसला नाही. "बाया नळापाशी जात नाय आता," म्हणाला. "सकाळच्या पारी सगळ्या मिळून झऱ्यावर जातात, जुन्या वाटेनं."

'जुन्या वाटेनं' ऐकताच आजोबांनी जीपची किल्ली उचलली.

रस्ता संपल्यावर दीड तासाची चढण. वाडीत पोचलो तेव्हा बारा वाजत आले होते. अंगणं रिकामी, दारं लोटलेली, कुत्रीसुद्धा सावलीला गप्प. आम्ही नळापाशी उभे राहिलो आणि मी तो आवाज ऐकला.

तो बोलण्याचा आवाज नव्हता. श्वासाचा होता. खोलवर कुठेतरी कोणीतरी सावकाश श्वास आत घ्यावा, तसा. मग काही नाही, इतका वेळ की आता संपलं असं वाटावं. आणि मग तो बाहेर सुटे, ओलसर, घशात अडकत. दम लागलेल्या बाईचा असतो तसा. मी पुस्तकं वाचलेली बाई. मी नळाला हात लावला आणि लगेच काढून घेतला. तोटी आतून थरथरत होती.

सासू दारातून बाहेर आली. डोळे झोपेतून उठल्यासारखे. तिने आमच्याकडे पाहिलं, मग पाणवठ्याच्या कट्ट्याकडे पाहिलं. कट्ट्यावर तीन हंडे होते. चौथ्याची जागा रिकामी.

"सून कुठाय?" तिने आम्हालाच विचारलं. मग ओरडली, "गो! अगो कुठं हायस?"

घरातून उत्तर आलं नाही. सकाळचं पाणी गुरांनाच संपलं होतं, हे मागून कळलं. सासूचा डोळा लागला तशी सून एकटीच हंडा घेऊन निघाली होती, बारा वाजता.

आम्ही खिंडीकडे धावलो. सासू सगळ्यांच्या पुढे, अनवाणी. मला एकच दिसत होतं, पाइपावर फिरवलेला माझा अंगठा.

सून खिंडीत होती. सात दगडांपाशी ताठ बसलेली, मांडीवर रिकामा हंडा, नजर खालच्या कातळाकडे. तिला कुठेही लागलं नव्हतं. सासूने तिचे खांदे धरून गदागदा हलवले. "कुनी सांगितलं व्हतं गो तुला? कुनी?"

"तुमीच म्हनलात ना," सून म्हणाली. "बस म्हनून. मी उतरत व्हते खाली. पाठीमागनं म्हनलात, बस गो, दमलीस. म्हनून बसले. मग तुमी पुढं काय बोललाच नाय."

"मी घरात झोपले व्हते."

सुनेने मांडीवरचा हंडा खाली ठेवला. "मग आवाज?"

"कसा व्हता आवाज?"

"दम लागल्यासारा."

सासूने पदर तोंडाला लावला आणि तिच्या शेजारी मटकन बसली.

आजोबा या सगळ्यात नव्हते. ते पाइपाला कान लावून गुडघ्यावर बसले होते. माझं ठिगळ होतं तिथून चार बोटं अलीकडे त्यांनी खूण केली, पिशवीतून दाभण काढला, काड्यापेटीने तापवला आणि पाइपात घुसवला.

हवा सुटली. वाटलं होतं एक फुसकारा येईल आणि संपेल. पण ती येतच राहिली, एका लांब उसाशासारखी. घड्याळ बघायची माझी जुनी सवय. चार मिनिटं. मी हात पुढे केला, तर हवा गार होती. हात लावला तर चटका बसेल इतका पाइप तापला होता, आणि आतून येणारी हवा झऱ्याच्या पोटातल्यासारखी गार. मग भोक थुंकलं, एक थेंब आला, दुसरा आला, आणि मधला दगड भिजला. थोड्या वेळाने खालून वाडीतून बायकांचा गलका ऐकू आला. नळ सुटला होता.

परतताना आजोबांनी मला सगळं समजावलं. ओहळातून चढून आलेलं पाणी खिंडीतल्या कमानीवर हवा सोडतं. काळा पाइप दुपारी तापतो, हवा आणखी सुटते, कमानीत अडकते आणि पाण्याची वाट अडवते. नळाचा श्वास म्हणजे तीच हवा, मागेपुढे होणारी. त्या भोकातून ती रोज आपोआप निघून जात होती. दाबातून सुटणारी हवा गार लागते, हेही त्यांनी सांगितलं. मला सगळं पटलं, आजही पटतं.

"म्हणजे त्यांनी देवासाठी पाडलेलं भोकच लाइन चालवत होतं," मी म्हटलं.

"त्यांनी नाही पाडलं," आजोबा म्हणाले. "मी म्हातारीला विचारलं. वाडीतले सगळे समजत होते, की आपणच कारखान्यातून ठेवून आणलं, आईसाठी. म्हणून तर त्यांचा आपल्यावर विश्वास बसला."

महाडला पोचल्यावर मी आधी वही उघडली. ते बंडल शोधलं. तपासलेलं, कोरडं, 'ठीक', खाली माझी सही. जे दोघे कामगार लाइन टाकायला गेले होते त्यांना एकेकाला बोलावून विचारलं. दोघांनीही गळ्याची शपथ घेतली.

त्या भोकावरून आजोबांनी तुमच्या बाबांच्या टेबलावरचा तो तुकडा केला. आत एक हलकी गोळी असते. हवा आली की ती खाली बसते आणि हवा निघून जाते, पाणी आलं की गोळी वर येऊन तोंड बंद करते. पाण्याचा एक थेंब वाया जात नाही. डोंगरातल्या लाइनींना हेच हवं होतं. दोन-तीन वर्षांत वाड्यांची कामं एवढी आली की दुसरी शेड घ्यावी लागली, मग तिसरी. वर्तमानपत्रातून माणसं येत आणि विचारत, ही कल्पना कुठून सुचली? आजोबा म्हणत, "एका गळतीवरून." पुढचं सांगत नसत.

पहिला व्हॉल्व्ह आम्ही त्याच खिंडीत बसवला. त्यासाठी पाइपाचा तेवढा तुकडा कापून काढला, त्यात माझं ठिगळ आणि आजोबांचं भोक दोन्ही आली. घरी आणून मी तो उभा चिरला. आजोबांचं भोक आतून स्वच्छ दिसत होतं. ठिगळाच्या खाली, आतल्या बाजूला, काहीच नव्हतं. खूण नाही, खळगा नाही, नव्या पाइपासारखं गुळगुळीत. आजोबा म्हणाले, पट्टीच्या उष्णतेने भोक आतून भरून आलं असेल. असेल. तो तुकडा माझ्या कपाटात वहीशेजारी आहे. आलात की बघा.

मुलगी झाली त्या सुनेला. सुखरूप. ती मुलगी चालायला लागली, शाळेत गेली, पण झऱ्याची वाट तिने कधी पायाखाली घातली नाही. आजोबांचा शब्द राहिला.

शेवटची मी गेले तेव्हा सासू राहिली नव्हती. सून घरात नाही म्हणून मी वर खिंडीत गेले. बारा वाजायला आले होते. ती तांब्या घेऊन दगडांपाशी बसली होती. व्हॉल्व्हमुळे आता तिथे थेंब पडत नव्हता, म्हणून ती वाडीच्या नळाचं पाणी घेऊन उलटी वर चढली होती.

"रोज येतेस?" मी विचारलं.

"रोज."

"आसरांना पाणी घालायला?"

तिने मधल्या दगडावर ओंजळ सोडली, आणि थोडं पाणी बाजूला, जिथे काहीच नव्हतं तिथे, मातीवर ओतलं.

"पयली भरला हंडा घेऊन येत व्हती, बाई," ती म्हणाली. "पन इथं बसवली तवा घोट नाय मिळाला तिला."

मी तिच्याशेजारी बसले. पाइप शांत होता. मी कान लावून पाहिला नाही.