पोरगी डान्स शिकवते, मग?

ग्रुपवरच्या बायांनो, आज दुपारी फिरलेलं डोकं अजून जागेवर आलेलं नाही, म्हणून लिहिते.

माझी पोरगी सायली कामतघरला लहान पोरांना डान्स शिकवते. आज दापोड्याहून तिला बघायला आले होते. मुलाच्या आत्याने विचारलं, "पोरगी काय करते?" मी म्हटलं, डान्सचा क्लास घेते. बाईने कप खालीच ठेवला.

"डान्स म्हंजे? बारमधला न्हाय ना?" असं बोलून स्वतःच हसली.

मी म्हटलं, "तुमची पोरं शाळेच्या गॅदरिंगला करतात ना, तोच."

"ते ठीक हाय. पण लग्नानंतर बंद करायला लागंल. आमच्यात चालत न्हाय."

आमचे हे लगेच बोलले, "करेल ना बंद, त्यात काय!" पोरगी समोर बसली होती, तिला विचारलं पण नाही.

उठताना आत्या म्हणते कशी, "हळदीला मात्र आमच्या बायांचा डान्स हिनेच बसवायचा हां. आमच्यात सासू पण नाचते!"

म्हणजे हळदीत नाचली तर हौस आणि शिकवून कमावलं तर अब्रू गेली? मी तोंडावर सांगितलं, "आत्याबाई, डान्स बसवायला दुसरी बघा. नवरी पण दुसरीच बघा."

तेव्हापासून हे माझ्याशी बोलत नाहीत. सायली साडी बदलून क्लासला निघाली. दारात थांबून एवढंच बोलली, "आई, पुढचे आले की मी काय करते म्हणून सांगशील?"

तुम्ही काय सांगितलं असतं?