दाजींचं करवती छप्पर

साऱ्या सोलापुरात हवेची खरी किंमत कळलेला एकच माणूस होता आणि तो माझ्या थोरल्या बहिणीला नवरा म्हणून मिळाला. बाकीचे सोलापूरकर उन्हाळ्यात नुसते हुश्श करतात, टॉवेलने वारा घेतात आणि मृगाची वाट बघत बसतात. दाजींना हा दुबळेपणा मान्य नव्हता. त्यांच्या मते हवा आपोआप येत नाही. तिला यायला वाट लागते आणि जायला त्याहून मोठी वाट लागते. "मेव्हणं, हवा आत कशी येती ते कुणीबी सांगंल. भायेर कशी जाती ते सांगा की!" हा प्रश्न त्यांनी मला पहिल्या दिवाळसणाला विचारला आणि पुढे दर भेटीत विचारला. कुणाच्याही घरी गेले की उंबऱ्यात थांबायचे, करंगळी जिभेला लावून वर धरायचे, वारा कुठून येतो ते अजमावायचे आणि मगच बसायचे. आमच्या शाळेच्या हेडमास्तरांकडे मी त्यांना एकदा सत्यनारायणाला घेऊन गेलो. वर धरलेली करंगळी पाहून हेडमास्तरांच्या पत्नीने संकोचून त्यांना मागच्या दाराची वाट दाखवली. दाजी निमूटपणे तिकडे जाऊन आले, तिथल्या झरोक्याची तोंडभरून स्तुती केली आणि प्रसाद खाऊन झाल्यावर यजमानांचं लाकडी कपाट एकट्याने ढकलून दुसऱ्या भिंतीला लावून दिलं. हेडमास्तर आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत. पण कपाट त्यांनी पुन्हा जागेवर नेलं नाही, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे.

दाजी गिरणीत फिटर होते. त्यांचे वडील, ज्यांना सगळी चाळ आप्पा म्हणायची, त्याच गिरणीच्या साळखात्यात, म्हणजे जिथे माग चालतात तिथे, तीस वर्षं विणकर होते. मागांच्या खडखडाटात आवाज चढवून उपयोग नसतो, त्यामुळे साळखात्यातली माणसं नुसते ओठ हलवून बोलतात आणि समोरच्याचे ओठ वाचतात. हे दोघे बापलेक घरीही तसेच बोलायचे. आवाज नाही, काही नाही, एक खाटेवर, एक चुलीपाशी, आणि मधून बाजार, भांडणं, राजकारण सगळं निघून जायचं. अक्का लग्न होऊन आली तेव्हा तिला वाटलं, सासरच्या माणसांचा आपल्यावर राग आहे. खुद्द लग्नात तर दाजी बोहल्यावर उभे राहून एकसारखे ओठ हलवत होते. माझे वडील भारावून सगळ्यांना सांगत सुटले, "जावई मोठा देवभक्त आहे, बघा कसा जप चाललाय." जावई मंडपाच्या दुसऱ्या टोकाला बसलेल्या आप्पांना सांगत होते की कनात सोडवा, हवा कोंडली आहे.

आप्पा निवृत्त झाले आणि घराची घडी विस्कटली. कान मागांनी आधीच नेले होते, छातीत खोकला ठेवला होता. तीस वर्षं माग अंगाला हादरे देत होते, ते एकदम थांबले. आप्पा खाटेवर बसून भिंतीकडे बघत राहू लागले. अर्धी भाकरी खाल्ली की ताट सारायचे. अक्काने देव केले, डॉक्टर केले. दाजींनी काय करावं? त्यांनी लोखंडी पट्ट्यांची चौकट जोडली, तिच्यात काचा पुट्टीने बसवल्या आणि पुण्याहून येणाऱ्या एका मित्राकरवी पाण्याच्या पिशवीत सहा सोनेरी मासे मागवले. ती हंडाभर पाण्यासाठी नळावर रांग लावायची वर्षं होती. अक्का कडाडली, "अवं, माणसांना प्यायला न्हाई आन् हितं माशांना तळं बांधाय लागलाय!" दाजींनी वाद घातला नाही. त्या दिवसापासून त्यांनी स्वतःची आंघोळ अर्ध्या बादलीवर आणली, आणि अक्काचा राग माशांवरून निघून नवऱ्याच्या मळक्या मानेवर गेला.

पण मासे आले आणि आप्पा भिंतीकडून वळले. मासे तोंडं उघडमीट करत काचेपाशी येत आणि आप्पा गुडघ्यांवर हात ठेवून पुढे वाकून बघत. तिसऱ्या दिवशी त्यांनी दाजींना हाक मारली, "हा लांब शेपटीचा हाय ना, लई बोलतो. मुकादमच हाय बघ." त्यांना माशांचे ओठ वाचता येत होते, असं त्यांचं ठाम म्हणणं होतं, आणि तीस वर्षं ओठ वाचलेल्या माणसाशी वाद कोण घालणार? भाकरी अर्धीची एक झाली, मग दीड. अक्काने माशांना शिव्या देणं बंद केलं.

मग एका सकाळी एक मासा फरशीवर मरून पडलेला सापडला. त्याने बाहेर उडी मारली होती. आप्पा त्या दिवशी जेवले नाहीत. दाजींनी संध्याकाळपर्यंत खोक्याच्या फळ्यांचं झाकण केलं, आत साठचे दोन बल्ब लावले आणि पेटी अशी उजळून निघाली की शेजारपाजारचे बघायला आले. चैत्र संपत होता. दोन दिवसांत काचेला आतून घाम सुटला, पाणी हाताला कोमट लागू लागलं, मासे वर येऊन आ वासू लागले. आप्पांनी दोन दिवस त्यांच्याकडे पाहिलं आणि तिसऱ्या दिवशी ताट बाजूला सारून म्हणाले, "हवा मागत्यात रं. हवा, हवा करत्यात." साऱ्या गावाला हवा शिकवणाऱ्या माणसाच्या घरात पाच जीव हवेवाचून तळमळत होते. दाजींचा चेहरा इतका पडलेला मी त्याआधी पाहिला नव्हता.

त्यांनी तीन दिवसांची रजा टाकली. फिटरने छपराचा विचार केला की तो गिरणीच्याच छपराचा होणार. त्यांना दुसरं छप्पर माहीतच नव्हतं. गिरणीच्या छपराला करवतीसारखे दाते असतात, प्रत्येक दात्याची एक बाजू उतरती आणि एक उभी, उभ्या बाजूला उत्तरेचा सौम्य उजेड घ्यायला काचा. दाजींनी डालड्याचे डबे उलगडून, ठोकून सपाट केले आणि त्या पत्र्याचं चार दात्यांचं छप्पर पेटीवर चढवलं. फक्त उभ्या बाजूला काचेऐवजी पिठाच्या चाळणीची जाळी लावली. चाळणी अक्काची होती, हे तिला नंतर कळलं. बल्ब काढून दोन फुटी ट्यूब बसवली आणि तिचा तापणारा चोक झाकणाबाहेर भिंतीतल्या जुन्या खिळ्याला टांगला. मागच्या अंगाला खाली बोटभर फट ठेवली. हवा खालून येणार, पाण्यावरून गारवा घेत सरकणार, वर दात्यांतून निघून जाणार, असा सगळा हिशेब. बोटं कापली, नखं काळी झाली, पण उत्तर दिशा चुकू नये म्हणून गिरणीच्या छपराला असतात तशी दात्यांची तोंडं त्यांनी होकायंत्र लावून फिरवली. घरात उत्तरेचा उजेड कुठून येणार, असं मी विचारलं. "येत न्हाई ते ठावं हाय. पर छपराला रीत हाय की न्हाई काई?" दाजी म्हणाले.

हवा खरंच फिरते का ते बघायला त्यांनी मागच्या फटीशी उदबत्ती धरली. शेजारच्या तेलुगू विणकरांच्या घरातल्या अम्मा पीठ मागायला आल्या होत्या. माशांच्या पेटीपुढे गुडघे टेकलेले दाजी, उदबत्ती आणि वर शिखरं असलेलं चमकतं छप्पर पाहून त्यांनी चपला बाहेर काढल्या, हात जोडले आणि घरी जाऊन हळदकुंकू घेऊन आल्या. दाजींचं लक्षच नव्हतं. धूर फटीतून आत शिरला, पाण्यावरून रेंगाळत गेला आणि एकेका दात्याच्या जाळीतून बारीक होऊन बाहेर पडला. "गेली!" दाजी ओरडले. "भायेर गेली!" अम्मांनी पटकन छपराच्या पहिल्या दात्याला कुंकू लावलं.

मासे खाली गेले. काच कोरडी झाली. आप्पा खाटेवरून उठले, झाकणावर हात ठेवला, मग जाळीशी तळहात धरून बराच वेळ उभे राहिले. त्या दिवशी ते नुसते ओठ हलवून बोलले नाहीत. बहिरी माणसं बोलतात तसं मोठ्यानं, सगळ्या चाळीला ऐकू जाईल असं बोलले, "पोरा, तीस वर्सं साळखात्यात काडली. असली हवा आमाला एक दिवस न्हाई मिळाली."

दाजी म्हणाले, "आप्पा, कदी बोलला न्हाई."

आप्पांनी त्यांचे ओठ वाचले आणि साधेपणाने म्हणाले, "खिडकी उगडली आस्ती तर सूत तुटलं आस्तं की."

सुताला ओल लागते, कोरडी हवा लागली की ते तुटतं, म्हणून साळखात्याच्या खिडक्या ऐन वैशाखातही बंद असत, माणसं आत वाफेत आणि उडत्या कापसात उभी असत. हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. आणि त्या खिडक्यांच्या चौकटी कुठे सैल झाल्या तर घट्ट बसवायचं काम फिटर म्हणून दाजींकडेच होतं. दाजी तिथून नळावर गेले आणि कितीतरी वेळ हात धूत बसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गेलो तर दाजी शिडीवर. चाळ गिरणीची होती, भिंतीत खिळा मारायचा तरी अर्ज द्यावा लागे, आणि दाजींनी उभ्या आयुष्यात अर्जाशिवाय खिळा मारला नव्हता. आता ते आप्पांच्या खाटेच्या वरचा छपराचा पत्रा उचकटून त्याला उभा दाता काढत होते. चाळीचा मुकादम धावत आला. "अर्ज कुटं हाय?" वरून उत्तर आलं, "आत जाऊन बसा, मग बोला." मुकादम तावातावाने आत गेला, आप्पांच्या खाटेवर टेकला, दोन मिनिटं बसला, आणि अर्जाचं काही न बोलता निघून गेला.

त्या छपराखाली आप्पा आणखी तीन उन्हाळे निजले. खोकला गेला नाही, तो जाण्यातला नव्हताच. पण रात्री झोप लागायची आणि सकाळी ते माशांना काय काय बोलणं झालं ते विचारायचे. माझेही वडील याच गावात, एकच खिडकी असलेल्या खोलीत वारले. मी त्यांना टेबलफॅन आणून दिला आणि मुलगा म्हणून आपलं काम झालं असं समजलो. त्यांच्या खाटेशी उभं राहून, बाबा, इथे तुम्हाला बरं वाटतं का, एवढं मी एकदाही विचारलं नाही. आज विचारावंसं फार वाटतं.